रॅम कोणाच्या नावावर?

जुलै उजाडला की पाचोडच्या बाजारपेठेतल्या सेवा केंद्रांवर गर्दी सुरू होते. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारणपणे 31 जुलैच्या आसपास संपते, आणि पेरणी, पाऊस, पैशांची जुळवाजुळव यांत अर्ज भरायचं काम शेवटच्या आठवड्यावर येतं. 2023च्या खरिपात राज्यानं एका रुपयात विमा दिला तेव्हा ही गर्दी फारच वाढली. ती सवलत 2025मध्ये थांबली, पण मुदतीची धावपळ काही थांबलेली नाही. पैठण तालुक्यातलं हे गाव छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. इथला मोसंबीचा बाजार प्रसिद्ध. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजाराला येतानाच सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक पिशवीत घालून आणतात. एका खेपेत दोन्ही कामं उरकली पाहिजेत.

अशा केंद्राची सारी मदार एखाद्या लॅपटॉपवर असते. सकाळी दहाला दुकान उघडतं तेव्हा अर्ज झरझर भरले जातात. दुपारी दोनच्या सुमारास तोच लॅपटॉप रेंगाळू लागतो. कागद स्कॅन करून चढवायला घेतले की चकती फिरत राहते, टंकलेली अक्षरं दोन सेकंदांनी उमटतात, ब्राउझर पांढरा पडतो.

"दादा, सर्व्हर डाउन हाय का?"

"नाही काका, लॅपटॉपच हँग झालाय. दोन मिनिटं थांबा."

दोन मिनिटांची वीस होतात आणि लांबच्या माणसाची शेवटची गाडी निघून जाते. मग केंद्रचालक लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे नेतो. तिथं बहुधा तीनपैकी एक सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून घ्या, रॅम वाढवा, नाही तर आता नवाच घ्या. तिन्हींत पैसे जातात. फॉरमॅटमध्ये तर कामाचा दिवसही जातो आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची सेवा, प्रिंटरची, स्कॅनरची जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. रोग वेगळाच असेल तर एवढं करूनही चार दिवसांत रडगाणं पुन्हा सुरू.

असाच एक वेगळा रोग आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर रॅम घेत जातो आणि परत करत नाही. संगणकाच्या भाषेत याला मेमरी लीक, म्हणजे स्मृतीची गळती म्हणतात. ही गळती ओळखायला एक पैसा लागत नाही, आणि बहुतेक वेळा तिचा उपायही फुकटच असतो. लागतो तो एक तक्ता आणि थोडा धीर.

ड्रायव्हर करतो काय?

लॅपटॉपमध्ये वायफायची एक छोटी पट्टी बसवलेली असते. ती इंटेल, रिअलटेक, मीडियाटेक, क्वालकॉम अशा एखाद्या कंपनीची असते. विंडोजला या प्रत्येक पट्टीची आतली रचना ठाऊक नसते. म्हणून पट्टी बनवणारी कंपनी तिच्याबरोबर एक प्रोग्राम देते. विंडोजचं म्हणणं पट्टीला आणि पट्टीचं म्हणणं विंडोजला कळवणं हे त्याचं काम. तोच ड्रायव्हर.

इंटरनेटवरून येणारी माहिती अखंड धारेसारखी येत नाही. तिचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात साधारणपणे जास्तीत जास्त 1500 बाइट असतात. 1 जीबीची फाइल उतरवली तर असे सुमारे सात लाख तुकडे येतात. प्रत्येक तुकडा आला की त्याला ठेवायला रॅममध्ये जागा लागते. ड्रायव्हर विंडोजकडून ती जागा मागून घेतो, पट्टी तिथं तुकडा टाकते, विंडोज तो उचलून ब्राउझरकडे पाठवते, आणि मग ती जागा मोकळी करायची असते.

आडतीवर शेतकऱ्याला बारदाना देतात तसाच हा व्यवहार आहे. पोती दिली की वहीत नावे टाकायची, परत आली की जमा करायची. दिवसभरात हजार पोती गेली आणि हजार आली तर वही जुळते. पण दर शंभरातली दोन परत यायची राहिली आणि कुणी वही तपासलीच नाही, तर हंगाम संपेपर्यंत गोदाम रिकामं होतं. त्यातलं एकही पोतं चोरीला गेलेलं नसतं. जमेचा कॉलम भरायचा राहिलेला असतो, एवढंच.

आता रॅमचा हिशेब करू. ड्रायव्हर सेकंदाला पन्नास तुकड्यांची जागा परत करायला विसरतोय असं समजा, आणि प्रत्येक जागा 2 केबीची. म्हणजे सेकंदाला 100 केबी, मिनिटाला सुमारे 6 एमबी, तासाला 360 एमबी. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पावणेतीन जीबीच्या आसपास. लॅपटॉपची रॅम 8 जीबी. त्यातली दोन-तीन जीबी विंडोजच घेतं, दोन-एक जीबी ब्राउझर. दुपारनंतर गोदाम रिकामं का होतं, ते एवढ्यावरून कळतं.

वायफायच का?

गळती कुठल्याही ड्रायव्हरमध्ये असू शकते. ग्राफिक्सच्या, आवाजाच्या, अँटीव्हायरसनं बसवलेल्याही. पण वायफायच्या वाट्याला एक जास्तीची अडचण येते. तारेनं जोडलेलं नेट एकतर चालू असतं नाही तर बंद. वायफायचं तसं नाही. सिग्नल कमी-जास्त होतो, जोडणी तुटते आणि पुन्हा जुळते, माहिती गुप्त ठेवणाऱ्या किल्ल्या ठरावीक वेळानं बदलतात, बॅटरी वाचवायला पट्टी मधूनच डुलकी घेते, आजूबाजूला दुसरं नेटवर्क आहे का ते शोधत राहते.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी सरळ वाट नीट तपासलेली असते. तुकडा आला, पोचला, जागा मोकळी. गळती लपते ती आडवाटांवर. तुकडा अर्धा आला आणि तेवढ्यात जोडणी तुटली, तर घेतलेली जागा परत कोणी करायची? या एका प्रश्नाचं उत्तर प्रोग्राममध्ये लिहायचं राहून गेलं की भोक पडलं.

पाचोडसारख्या गावात या आडवाटा रोजच्याच असतात. लाइट गेली की राऊटर बंद पडतो, पण लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो. दिवसातून चार वेळा वीज खेळली की जोडणी चार वेळा तुटते आणि चार वेळा जुळते. राऊटर पुढच्या दुकानात आणि लॅपटॉप मागच्या खोलीत असेल, तर भिंतीपलीकडून येणारा सिग्नल दिवसभर डळमळत राहतो. कंपनीच्या प्रयोगशाळेत जे क्वचित घडतं ते इथं तासाला घडतं. तोच लॅपटॉप शहरातल्या नातेवाइकाकडे सुरळीत चालतो आणि गावात मान टाकतो, याचं एक कारण इथं सापडू शकतं.

यादीत नाव का दिसत नाही?

लॅपटॉप मंदावला की जाणता माणूस कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी या शीर्षकावर टिचकी मारली की जास्त रॅम खाणारे प्रोग्राम वर येतात. वर ब्राउझर दिसतो, 1 जीबीच्या आसपास. त्याखाली अँटीव्हायरस, मग इतर किरकोळ मंडळी. साऱ्यांची बेरीज जेमतेम 3 जीबी. पण वरच्या कोपऱ्यात आकडा दिसतो 93 टक्के. मधली 4 जीबी गेली कुठं?

ती विंडोजच्या गाभ्यात असते. ब्राउझर, वर्ड असे प्रोग्राम बाहेरच्या अंगणात चालतात. त्यांपैकी एखादा बंद झाला की त्याच्या नावावरची सगळी रॅम विंडोज आपणहून काढून घेतं, त्यानं परत केलेली असो वा नसो. म्हणून ब्राउझर कितीही रॅम खात असला तरी तो बंद करून उघडला की प्रश्न सुटतो. ड्रायव्हर मात्र गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. तिथं घेतलेल्या रॅमचा वाली तो ड्रायव्हरच. तो विसरला तर ती परत घेणारं दुसरं कोणी नाही. प्रोग्रामांच्या यादीत तिचं नावही येत नाही, कारण ड्रायव्हर हा प्रोग्राम म्हणून यादीत नसतोच.

शिवाय ही रॅम साधीसुधी नसते. रॅम भरत आली की विंडोज कमी वापरातली पानं डिस्कवर नेऊन ठेवतं आणि जागा करतं. वायफायची पट्टी मात्र माहिती थेट रॅममध्ये टाकते, आणि ती आली की ड्रायव्हरला तत्क्षणी उठावं लागतं. त्या क्षणी लागणारं पान डिस्कवर गेलेलं असेल, तर ते परत येईपर्यंत थांबायला त्याला सवड नसते. म्हणून अशा कामाची रॅम डिस्कवर कधीच हलवत नाहीत. तिला नॉन-पेज्ड पूल म्हणतात. त्यात गळती झाली की ती रॅम पक्की अडकते आणि जागा करण्यासाठी विंडोज बाकीच्या प्रोग्रामांना डिस्कवर ढकलू लागतं. अक्षरं दोन सेकंदांनी उमटतात ती यामुळे.

हा आकडा पाहता येतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात जाऊन मेमरी निवडायची. खाली बारीक अक्षरांत पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल असे दोन आकडे असतात. धडधाकट लॅपटॉपवर नॉन-पेज्ड पूल सहसा काहीशे एमबीच्या घरात राहतो. तो 1 जीबीच्या पुढे गेला असेल आणि वाढतच असेल, तर गळतीचा संशय घ्यायला हरकत नाही.

जुन्या 32-बिट विंडोज एक्सपीत या पूलला 256 एमबीची मर्यादा होती. गळती असली की लॅपटॉप लवकरच कोलमडायचा आणि रोग लगेच उघड व्हायचा. आजच्या 64-बिट विंडोजमध्ये हा पूल रॅमचा मोठा हिस्सा गिळू शकतो. त्यामुळे रॅम वाढवली की रोग बरा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो पुढे ढकललेला असतो. 8 जीबीचा लॅपटॉप दुपारी अडकत होता, 16 जीबीचा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अडकेल.

शट डाउन आणि रीस्टार्ट

"पण मी रोज रात्री लॅपटॉप बंद करतो की," असं केंद्रचालक म्हणतो आणि ते खरंही असतं. तरी सकाळी उघडल्यावर कालची गळती तशीच असू शकते. विंडोज 8पासून, म्हणजे 2012पासून, फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर बाहेरचे प्रोग्राम बंद होतात, पण गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलून रॅममध्ये भरला जातो. लॅपटॉप लवकर उघडतो तो म्हणून. ड्रायव्हर गाभ्यातच असल्यामुळे त्याची कालची बाकीही आज पुढे येते.

रीस्टार्ट केलं तर मात्र गाभा खरोखर नव्यानं सुरू होतो. लोकांची समजूत नेमकी उलटी असते. शट डाउन म्हणजे पूर्ण विश्रांती आणि रीस्टार्ट म्हणजे नुसती डुलकी, असं त्यांना वाटतं.

पडताळा घ्यायचा असेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडून अप टाइम हा आकडा पाहा. रोज रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर तिथं नऊ-दहा दिवस दिसले, तर गाभा तेवढे दिवस अखंड चालू आहे असं समजा. शट डाउनवर टिचकी मारताना शिफ्टची कळ दाबून धरली तर लॅपटॉप पुरता बंद होतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचं बंदही करता येतं.

गर्दीच्या दिवसांत दुपारच्या जेवणाआधी एकदा रीस्टार्ट केलं तरी दिवस निभतो. हा इलाज नव्हे, पण इलाज सापडेपर्यंत माणसं खोळंबत नाहीत.

तपासाचा तक्ता

आता खरा तपास. एका वहीत चार रकाने आखा: वेळ, नॉन-पेज्ड पूल, एकूण वापरलेली रॅम, आणि त्या तासात काय घडलं. सकाळी रीस्टार्ट करून पहिली नोंद घ्या, मग दर तासाला एक. शेवटच्या रकान्यात साध्या गोष्टी लिहा: लाइट गेली, राऊटर बंद पडला, मोठी फाइल उतरवली, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला.

संध्याकाळी आकडे आपणहून बोलू लागतात. पूल दिवसभर 400 एमबीच्या आसपास खालीवर होत राहिला असेल, तर गळती नाही. मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधा: ब्राउझरचे पन्नास टॅब, भरत आलेली डिस्क, किंवा खरंच कमी पडणारी रॅम. आकडा तासागणिक एकाच दिशेनं चढत असेल तर गळती नक्की. लाइट गेल्यावर एकदम उडी मारत असेल तर बोट जोडणी तुटण्याकडे जातं. मोठ्या फाइलीबरोबर चढत असेल तर बोट रोजच्या वाहतुकीकडे.

दुसऱ्या दिवशी वायफायला बाजूला काढा. मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपचं वायफाय बंद ठेवा. आता इंटरनेट वेगळ्या वाटेनं येतं आणि वायफायच्या ड्रायव्हरकडे काही काम उरत नाही. पूल दिवसभर स्थिर राहिला तर बराचसा संशय वायफायच्या ड्रायव्हरवर येतो. तरीही चढत राहिला तर वायफाय सुटलं. मग अँटीव्हायरस, व्हीपीएन, किंवा नेटचा वेग वाढवून देतो म्हणणारा एखादा प्रोग्राम तपासायचा. हे सारे नेटच्या वाहतुकीवर नजर ठेवायला गाभ्यात आपापला ड्रायव्हर बसवतात.

या परीक्षेचा आणखी एक फायदा आहे. ती चालू असताना केंद्राचं काम थांबत नाही, उलट सुरळीत होतं. दोष सापडेपर्यंत केबलनं नेट वापरणं हा सर्वांत स्वस्त तोडगा आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर बदलला, अँटीव्हायरस काढला आणि राऊटरही हलवला, आणि लॅपटॉप बरा झाला, तर कशानं बरा झाला ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी तीच धडपड पुन्हा.

खूण पटवणं

बहुतेकांचं काम इथवर होतं. पण दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यानं एक पायरी पुढे जावं. गाभ्यात कुणीही रॅम मागितली की त्या मागणीवर चार अक्षरांची खूण टाकायची पद्धत आहे. तिला पूल टॅग म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ड्रायव्हर किटमध्ये पूलमॉन नावाचं एक छोटं साधन मिळतं. किट मोठं आहे, त्यामुळे ते चांगल्या नेटवर एकदाच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवावं. प्रशासकाच्या अधिकारानं उघडलेल्या काळ्या खिडकीत पूलमॉन चालवलं, पी कळ दाबून फक्त नॉन-पेज्ड ओळी ठेवल्या आणि बी कळ दाबून बाइटच्या उतरत्या क्रमानं लावल्या की सारी वही समोर येते.

प्रत्येक ओळीत आधी खूण, मग किती वेळा घेतलं, किती वेळा परत केलं, दोन्हींतला फरक, आणि त्या फरकात अडकलेले बाइट. निरोगी ओळ अशी दिसेल: घेतलं 61,05,210, परत 61,04,880, फरक 330. हा फरक पुढल्या मिनिटाला 310 होतो, मग 345. घेणं-देणं चालू आहे, बाकी वाढत नाही. गळकी ओळ अशी: घेतलं 48,20,000, परत 33,80,000, फरक 14,40,000. दर सेकंदाला तो वाढतोच, एकदाही मागे येत नाही. आपण वर मांडलेल्या उदाहरणात आठ तासांनी बरोबर हाच फरक दिसेल.

खूण मिळाली की ती कोणाची ते शोधायचं. विंडोजच्या सिस्टिम 32 फोल्डरमधल्या ड्रायव्हर्स या उपफोल्डरात, आणि ड्रायव्हर स्टोअरमध्ये, फाइंडस्ट्र या आज्ञेनं ती चार अक्षरं कुठल्या फाइलीत आहेत ते पाहता येतं. इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरच्या फाइलचं नाव नेटडब्ल्यूटीडब्ल्यू असं सुरू होतं, रिअलटेकच्या अनेक फाइलींचं आरटीडब्ल्यूएल असं. नाव जुळलं की तपास संपत आला.

एक फसगत इथं होऊ शकते. खूण एनडी या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती बहुधा विंडोजच्याच एनडिस या थराची असते. नेटवर्कच्या सगळ्या ड्रायव्हरांनी कसं बोलायचं याचे नियम मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम या कंपन्यांनी मिळून ठरवले, त्यातून एनडिस आलं. वायफायचा ड्रायव्हर पुष्कळदा एनडिसमार्फत रॅम घेतो, म्हणून नावावर एनडिस लागतं आणि खाणारा वेगळाच असतो. अशा वेळी आधीची केबलची परीक्षा निर्णायक ठरते. खुणेवरून एनडिसला दोष देऊन विंडोज पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, कारण तोच ड्रायव्हर परत येऊन बसेल.

ड्रायव्हर व्हेरिफायर नावाचं आणखी एक कडक साधन विंडोजमध्ये आहे. ते चूक सापडताच लॅपटॉप मुद्दाम निळ्या पडद्यावर पाडतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. चालत्या केंद्राच्या लॅपटॉपवर, तेही मुदतीच्या आठवड्यात, त्याला हात लावू नये.

इलाज

सर्वांत आधी सध्याच्या ड्रायव्हरची आवृत्ती आणि तारीख लिहून घ्या. डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर दोनदा टिचकी मारली की ड्रायव्हर या पानावर दोन्ही मिळतात. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: त्रास कधीपासून? तो एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच पानावरचं रोल बॅक ड्रायव्हर हे बटण दाबा. आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर जुनी प्रत लॅपटॉपवर शिल्लक नाही.

त्रास जुनाच असेल तर नवा ड्रायव्हर घ्या. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा वायफायची पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक तिथं टाकला की नेमका ड्रायव्हर मिळतो. सगळे ड्रायव्हर एका झटक्यात अपडेट करून देतो म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये. ज्या लॅपटॉपवर लोकांची आधारची आणि बँकेची कागदपत्रं हाताळली जातात, त्यावर तर मुळीच नाही. विंडोज अपडेटच्या पर्यायी अपडेटमध्येही कधी कधी नवा ड्रायव्हर वाट पाहत असतो.

एक सावधगिरी महत्त्वाची. जुना ड्रायव्हर काढण्याआधी नवा उतरवून हाताशी ठेवा. तो काढला की वायफाय गेलं, आणि वायफाय गेलं की नवा उतरवणार कसा? मोबाइलची केबल इथंही उपयोगी पडते.

नवा ड्रायव्हर घालून रीस्टार्ट करा आणि तोच तक्ता आणखी एक दिवस भरा. पूल स्थिर राहिला तर झालं काम. नाही राहिला तर ड्रायव्हर अपडेट करायच्या खिडकीत लॅपटॉपमधल्याच ड्रायव्हरांच्या यादीतून निवडायचा पर्याय असतो. तिथली जुनी किंवा मायक्रोसॉफ्टची साधी आवृत्ती लावून पाहा. तिनं वेग थोडा कमी मिळेल, पण अर्ज भरायला तो पुरतो. तेही जमलं नाही तर बाजारात यूएसबीला लावायचा छोटा वायफाय डोंगल मिळतो. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, त्यामुळे आतली पट्टी बंद करून त्यावर काम चालवता येतं. रॅम वाढवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असल्यामुळे ती वाढवताही येत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांनाही हा रोग चुकलेला नाही. तिथं मेमइन्फो या फाइलीतला एसअनरिक्लेम हा आकडा चढत जातो, आणि स्लॅबटॉप या आज्ञेनं कुठली जागा फुगते आहे ते दिसतं. अशा गळत्या शोधायला 2009मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच केमेमलीक नावाची सोय घालण्यात आली.

दोष कुणाचा?

ड्रायव्हरांमधल्या चुका हा काही एका कंपनीचा किंवा एका गावाचा प्रश्न नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001मध्ये लिनक्सचा गाभा तपासला तेव्हा ड्रायव्हरांतल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या गाभ्याच्या तुलनेत तीन ते सात पटींपर्यंत जास्त आढळलं. 2003मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या निबंधात नोंदवलं की विंडोज एक्सपी कोलमडण्याच्या कळवल्या गेलेल्या घटनांपैकी 85 टक्क्यांच्या मुळाशी ड्रायव्हर होते. तेव्हापासून चाचण्या कडक झाल्या, साधनं सुधारली. पण मूळ कारण कायम आहे. गाभा मोजक्या तज्ज्ञांच्या हातून, वर्षानुवर्षं पारखून तयार होतो. ड्रायव्हर शेकडो कंपन्या लिहितात, दर नव्या पट्टीसाठी नव्यानं, बहुधा घाईत. आणि त्यांना गाभ्याइतकेच अधिकार मिळतात.

म्हणूनच वापरणाऱ्यानं कळवणं मोलाचं आहे. "लॅपटॉप स्लो आहे" एवढ्या तक्रारीवर कंपनीचा अभियंता काही करू शकत नाही. पण ड्रायव्हरची आवृत्ती, तासातासाचे आकडे, आणि "राऊटर बंद झाला की पूल 150 एमबीनं चढतो" असं एखादं नेमकं वाक्य त्याच्याकडे गेलं, तर त्याला चुकीची जागा शोधता येते. विजेच्या लपंडावात चालणाऱ्या लॅपटॉपचा अनुभव त्या प्रयोगशाळेत नसतो. तो पाचोडला आहे, आडूळला आहे, अंबडला आहे.

आपल्याकडे एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य मुलामुलींना संगणक वापरायला शिकवलं. तो बिघडला तर मोजून कसा पाहायचा, हे शिकवणं आता हाती घ्यायला हवं. आज सातबारा, विमा, पीक पाहणी, शेतकरी ओळख क्रमांक सारं संगणकातून जातं. सेवा केंद्राचा लॅपटॉप दोन तास अडकला तर त्या दोन तासांची किंमत केंद्रचालकापेक्षा रांगेतला शेतकरी जास्त मोजतो. मुदत हुकली तर हंगामभर मोजतो.

म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला द्याल तेव्हा भरलेला तक्ता सोबत न्या आणि सरळ विचारा: "नॉन-पेज्ड पूल किती आहे, आणि तो कोणत्या ड्रायव्हरच्या नावावर आहे?" याचं उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नका आणि रॅमसाठी खिशात हात घालू नका.